स्टिरॉइडचे डोळ्याचे थेंब मेडिकलात मिळत नाहीयेत? मग हे वाचा

मेडिकलवाला म्हणतो, “तो ड्रॉप येत नाहीये भाऊ, वरूनच शॉर्ट आहे,” आणि मग माणूस दोनपैकी एक करतो, एक तर थेंब बंद करून टाकतो नाहीतर काउंटरवर जे मिळेल ते घेऊन घरी येतो. स्टिरॉइडच्या थेंबांत या दोन्ही गोष्टी अंगलट येतात. मला आयरायटिसचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेचा जुना त्रास आहे, राहतो अमळनेरकडे, त्यामुळे हा ड्रॉप शोधत फिरायची सवयच झालीय. घरात मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली तेव्हाही हेच थेंब होते. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरला काय विचारायचं आणि तोपर्यंत घरी काय करायचं नाही एवढं नक्की सांगू शकतो.

आधी बाटली हातात घ्या आणि मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून खालचं बारीक वाचा. दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून झूम करा. तिथे प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का, डेक्सामेथासोन ०.१ टक्का, फ्लुरोमेथोलोन ०.१ टक्का, लोटेप्रेडनॉल ०.५ टक्के किंवा डायफ्लुप्रेडनेट ०.०५ टक्के असं काहीतरी असेल. हे तुमचं खरं औषध. बऱ्याच वेळा तुटवडा एका कंपनीच्या बाटलीचा असतो आणि तेच औषध तेवढ्याच टक्केवारीत दुसऱ्या कंपनीचं त्याच गल्लीत पडलेलं असतं, फक्त आपण ब्रँडचं नाव घेऊन विचारतो म्हणून “नाही” ऐकून परत येतो. जनऔषधी केंद्रात तर औषधाच्या नावानेच विचारावं लागतं. मात्र हे थेंब शेड्यूल एच मधले आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचे नाहीत आणि चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी केमिस्टने परस्पर दुसरं देणंही नियमात बसत नाही, म्हणून दुसरी कंपनी सापडली तरी डॉक्टरला एक फोन करून हो म्हणवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

टक्केवारीच्या आकड्यावरून कुठलं औषध जोरदार हे ठरवू नका, इथे भले भले फसतात. डायफ्लुप्रेडनेट ०.०५ म्हणजे आकडा छोटा, पण औषध तगडं. डोळ्याच्या आतल्या सुजेवरच्या अभ्यासात हे दिवसातून ४ वेळा टाकलं तर प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का ८ वेळा टाकल्याच्या तोडीस तोड ठरलं होतं. म्हणजे मेडिकलवाल्याने चांगुलपणाने हे दिलं आणि तुम्ही जुन्याच चिठ्ठीप्रमाणे दोन दोन तासांनी टाकत बसलात तर डोस कुठल्या कुठे जातो आणि डोळ्याचं प्रेशर वाढायचा धोकाही वाढतो. उलट फ्लुरोमेथोलोन सौम्य, डोळ्याच्या वरच्या वरच्या त्रासाला चांगलं, पण आत खोल फारसं पोचत नाही, म्हणून आयरायटिसवाल्याने ते परस्पर घेतलं तर सूज आत धुमसतच राहते आणि वरून डोळा बरा दिसतो. प्रेडनिसोलोनमध्ये पण ॲसिटेट वेगळं आणि फॉस्फेट वेगळं बरं का, ॲसिटेट आत जास्त जातं. त्यामुळे औषध बदललं की “किती वेळा टाकायचं” हे नव्याने लिहून घ्यायचंच, आणि प्रेशर तपासायला परत कधी यायचं तेही.

ऑपरेशनवाल्यांची अजून एक गंमत. त्यांना बहुतेक वेळा जोड औषध असतं, एकाच बाटलीत मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक आणि सोबत स्टिरॉइड. ती मिळाली नाही की दुकानदार साधी मॉक्सी देतो, नाव सारखंच, खोकं पण त्याच रंगाचं, पण त्यात स्टिरॉइडचा पत्ता नाही. घरचे समजतात औषध चालू आहे, डोळा मात्र चार दिवसांनी लाल. तेव्हा खोक्यावर दोन नावं आहेत का ते बघा. आणि कानाचे थेंब डोळ्यात कधीच नाही, कानाच्या बाटलीवर डोळा आणि कान दोन्ही छापलं असेल तरच ती डोळ्याला चालते.

आता हिशोब. ५ मिलीच्या बाटलीत साधारण १०० थेंब असतात, बाटलीच्या तोंडावर थोडं कमीजास्त. एका डोळ्यात दिवसाला ६ वेळा म्हणजे १६ दिवस, दोन्ही डोळ्यांत म्हणजे ८ दिवस. मोतीबिंदूनंतर बऱ्याच ठिकाणी पहिला आठवडा ६ वेळा, मग ५, ४, ३, २, १ असं उतरवत आणतात, त्याची बेरीज केली तर १४७ थेंब होतात, म्हणजे एक बाटली पुरतच नाही, आणि तसंही उघडलेली बाटली महिन्याभराने टाकून द्यायची असते. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच, शिबिरातलं मोफत ऑपरेशन असलं तरी, “साहेब दुसरी बाटली कुठून घ्यायची” हे विचारून घ्या, गावाकडे पोचल्यावर धडगाव नाहीतर साक्रीच्या आतल्या भागात बसून शोधायला लागलं की सगळंच अवघड. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने टाका. आठवड्याचे थेंब उरले की शोध सुरू, संपल्यावर नाही.

थेंब वाचवायचा एकच चांगला मार्ग आहे, वाया न घालवणं. डोळ्यात एका थेंबाएवढीसुद्धा जागा जेमतेम असते, दुसरा थेंब गालावरून उशीवरच जातो, त्यामुळे “दोन टाकले की लवकर बरं” हे काही खरं नाही. आडवं व्हा, खालची पापणी ओढून खोबण करा, एक थेंब सोडा, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरा, म्हणजे औषध नाकातून घशात उतरत नाही. दुसरा कुठला ड्रॉप असेल तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या. प्रेडनिसोलोन ॲसिटेट, लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन या गढूळ पांढऱ्या बाटल्या दर वेळी नीट हलवायच्या, औषध तळाशी बसलेलं असतं, न हलवता टाकलं तर सुरुवातीला नुसतं पाणी आणि शेवटी शेवटी घट्ट औषध असा प्रकार होतो. आईवडिलांचे हात थरथरत असतील तर घरातल्या कोणीतरी टाकावं, निम्मी बाटली तिथेच वाचते. पण थेंबात पाणी किंवा सलाईन मिसळून बाटली वाढवायची नाही, आणि ६ चे ३ वेळा असं मनाने कमी करायचं नाही. चुकलेला डोस भरून काढायला दुप्पटही नाही.

अचानक बंद केलं की काय होतं? दाबून ठेवलेली सूज उसळून वर येते, कधी आधीपेक्षा जास्त. म्हणूनच हे औषध पायरी पायरीने उतरवतात. बाटली खरंच आज संपतेय आणि दुसरी नाहीये, तर ती तातडीची गोष्ट समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरशी बोला. बुबुळ बदललेलं असेल तर एक दिवसही ताटकळू नका, तिथे हे थेंब कलम, म्हणजे नवीन बसवलेलं बुबुळ टिकवायला असतात.

डॉक्टरला मेसेज कसा करायचा तेही सांगतो, कारण “सर ड्रॉप मिळत नाही” एवढ्याने त्यांना काहीच कळत नाही. बाटलीचा फोटो, चिठ्ठीचा फोटो, सध्या दिवसातून किती वेळा चालू आहे, किती दिवसांचं उरलंय, डोळा आज कसा आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या गावात त्याऐवजी कुठली औषधं मिळतायत त्यांची नावं. हे लिहिलं की बहुतेक डॉक्टर लगेच सांगतात यातलं हे घ्या आणि इतक्या वेळा. फोन लागत नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात डोळ्यांची ओपीडी असते, जुनी चिठ्ठी आणि रिकामी बाटली घेऊन जा.

शोधायची माझी पद्धत अशी, आधी डोळ्यांच्या हॉस्पिटलातलं किंवा त्याला लागून असलेलं मेडिकल, कारण हे थेंब तिथेच जास्त खपतात. मग आपल्या नेहमीच्या केमिस्टला सांगायचं की जळगाव किंवा धुळ्याच्या स्टॉकिस्टला फोन करून बघ, तो ते करतो, ओळख असली की लवकर करतो. त्यानंतर नाशिक-पुण्यातले नातेवाईक, आणि नंदुरबार-भुसावळवाल्यांना सुरत रेल्वेने थेट आहेच. ऑनलाइन मागवलं तर चिठ्ठी अपलोड करा, एक्स्पायरी आणि सील बघून घ्या, बिल ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी उरलेली बाटली देतो म्हणाला तर नको, उघडलेल्या बाटलीतून इन्फेक्शन येतं आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ते परवडत नाही. आता हा तुटवडा मुळात होतो का, तर हे थेंब निर्जंतुक ठिकाणीच बनवावे लागतात, असे कारखाने मोजके, त्यामुळे एक बंद पडला तरी सगळीकडे ओढाताण होते. अमेरिकेत २०२३ च्या फेब्रुवारीत एकॉर्न नावाची कंपनी बंद पडली, ती डोळ्यांची बरीच औषधं बनवायची.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, अशात मागवलेलं पार्सल दुपारभर ओट्यावर किंवा बाटली गाडीच्या डिकीत, मग मिळवून काय उपयोग. लेबलवर लिहिलेलं तापमान बघा, घरातल्या सगळ्यात थंड अंधाऱ्या कोपऱ्यात उभी ठेवा, बर्फाच्या खणात अजिबात नाही. एसटीने कोणाच्या हातून मागवत असाल तर इंजिनजवळच्या बॉनेटवर पिशवी ठेवू नका म्हणून सांगा, तिथे सगळं शिजतं.

तुटवड्यात शेजारचा माणूस हमखास म्हणतो, “मना डोया बी लाल व्हयना व्हता, हाई टाक” (माझा डोळाही लाल झाला होता, हे टाक). त्याचं ऐकू नका. आपल्याकडे कापूस वेचताना बोंडाचं टोक, मक्याचं पान, कडब्याचा कण डोळ्यात जातो, अशा जखमेत बुरशी बसते, आणि त्यावर स्टिरॉइड टाकलं की लाली कमी होऊन बरं वाटतं पण बुरशी आत फोफावते आणि बुबुळावर फूल पडतं. हर्पीस नावाच्या विषाणूने झालेल्या जखमेचंही तसंच. लहान मुलांच्या डोळ्यांच्या ॲलर्जीत तर मला फार राग येतो, उन्हाळा लागला की पोरगं डोळे चोळतं, कोणीतरी स्टिरॉइडचा ड्रॉप देतं, तासाभरात आराम, आणि मग घरचे महिनोन्महिने तोच आणतात, प्रेशर कोणी तपासत नाही, काचबिंदू होऊन नजर गेली की कळतं. अशा पोराला ड्रॉप मिळत नसेल तर ती डॉक्टरकडे जाऊन ॲलर्जीचे बिनस्टिरॉइडचे थेंब विचारायची चांगली वेळ आहे, तोवर स्वच्छ फडक्याने थंड पाण्याच्या पट्ट्या. मध, कांद्याचा रस, एरंडेल, दूध, गुलाबपाणी यातलं काहीही डोळ्यात घालू नका, स्टिरॉइडची जागा यातलं काहीच घेत नाही.

डोळा ठणकायला लागला, नजर धूसर झाली, उजेड सहन होईना, लाली वाढत चालली, किंवा दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोकं दुखतंय, उलटी होतेय, तर थेंब शोधत बसू नका, रात्र असली तरी गाडी काढा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत दुखणं आणि नजर कमी होणं एकत्र आलं तर सकाळची वाट बघायची नाही.

कोर्स संपल्यावर उरलेली बाटली “पुढच्या वेळी कामाला येईल” म्हणून कपाटात ठेवायचा मोह तुटवड्यात जास्तच होतो. टाकून द्या. ठेवायचं असेल तर फक्त रिकामं खोकं ठेवा, त्यावर औषधाचं नाव आणि टक्केवारी छापलेली असते, पुढच्या वेळी मेडिकलात तेच दाखवता येतं.