स्वस्तातला डॅशकॅम घेताय? मग हे बघा

चार-पाच हजारात डॅशकॅम (गाडीच्या पुढच्या काचेमागे लावून रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा) घ्यायचा असेल तर बॉक्सवरच्या '४के' ला भुलू नका, त्या किमतीत बऱ्याचदा सेन्सर साधाच असतो आणि व्हिडिओ नुसता ताणून मोठा केलेला असतो, त्यापेक्षा चांगला १०८०पी (फुल एचडी) वाला घ्या. आणि घेण्याआधी यूट्यूबवर त्याच मॉडेलचं रात्रीचं फुटेज बघा, समोरच्या गाडीचा नंबर वाचता येतोय का तेवढंच बघायचं, दिवसा काय सगळेच भारी दिसतात.

दुसरं म्हणजे आतमध्ये लिथियम बॅटरी आहे की सुपरकॅपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) ते नक्की विचारा. आपल्याकडे, त्यात विदर्भात तर बोलायलाच नको, मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या काचेमागे बॅटरी फुगू शकते, सुपरकॅपॅसिटर उष्णता बराच जास्त सहन करतो. ॲप, वायफाय वगैरे असलं तर ठीक, नसलं तरी अडत नाही.

मेमरी कार्ड मात्र मोबाईलमधलं जुनं टाकू नका हं, लूप रेकॉर्डिंगमध्ये (कार्ड भरलं की जुनं पुसून नवं रेकॉर्ड होतं त्यात) त्याच्यावर सतत लिहिणं-पुसणं चालू असतं, साधं कार्ड लवकर जातं आणि नेमकं अपघाताच्या वेळी फाईल मिळत नाही. 'हाय एन्ड्युरन्स' (म्हणजे असं सततचं लिहिणं-पुसणं झेपणारं) लिहिलेलं घ्या, ६४ जीबी पुरतं.