स्पिरुलिनाची काढणी झाल्यावर या चुका टाळा

स्पिरुलिना या खाण्याच्या शेवाळाची टाकी हिरवीगार झाली की नव्या उत्पादकाचा फोन येतो, "पीक झकास आलंय, आता गिऱ्हाईक सांगा." मी विचारतो, वाळवणार कशात? बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते. टाकी, मोटर, शेडनेट यांवर सगळे पैसे खर्च झालेले असतात आणि ड्रायरच्या जागी ताडपत्री असते. या शेवाळाचा भाव काढणीनंतरच्या पाच-सहा तासांत ठरतो, हे नवीन माणसाला पटवताना माझा घसा कोरडा पडतो.

ओला लगदा ठेवून देणं

पिळून घट्ट केलेल्या लगद्यातही सुमारे 80 टक्के पाणी असतं आणि उरलेल्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं. उन्हाळ्यात उघडं राहिलेलं दूध नासतं, तसाच हाही नासतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. जूनचा पहिला आठवडा होता. पहाटे 20 किलो लगदा काढला. माझा ड्रायर उन्हावर चालणारा, आणि नऊ वाजता आभाळ भरून आलं. दुपारी ऊन पडेल म्हणून लगदा पातेल्यांत झाकून ठेवला. तीन वाजता झाकण काढलं तर कडेनं निळं पाणी सुटलेलं. पेशी फुटल्या होत्या. ते निळं म्हणजे फायकोसायनिन, या शेवाळातला निळा रंग, ज्यासाठी खाद्यरंगवाले आणि सौंदर्यप्रसाधनवाले पैसे मोजतात. तरीही मी हट्टानं तो माल वाळवला, दळला आणि 4 किलो पावडर पाठवली. गिऱ्हाइकानं पिशवी उघडून वास घेतला आणि माल परत केला. त्याचं बरोबरच होतं. ती पावडर खताच्या खड्ड्यात गेली.

तेव्हापासून आदल्या संध्याकाळी आभाळ पाहतो, लोडशेडिंगची वेळ विचारतो. शंका असली तर काढणी पुढे ढकलतो. टाकीत पीक आणखी एक दिवस राहिलं तर चालतं, पातेल्यात नाही. काढल्यापासून दोन तासांत माल ट्रेवर पसरलेला हवा. निळं पाणी सुटलेला लगदा मी माणसाच्या खाण्यासाठी वापरत नाही, कितीही नुकसान झालं तरी.

घाईनं वाळवणं

लगदा भाकरीसारखा थापला की वर पापडी धरते आणि आत आंबतो. मी घरच्या सोऱ्यातून बारीक शेवया पाडतो, म्हणजे हवा चारही बाजूंनी लागते. मग काही जण ड्रायर 80 अंशांवर लावतात आणि "दोन तासांत काम झालं" असं कौतुकानं सांगतात. निळा रंग ओल्या मालात 50 अंशांच्या आसपासच खराब व्हायला लागतो. मी सुरुवातीला 45 ते 50 वर ठेवतो, पंखा जोरात लावतो आणि शेवटीसुद्धा 60 च्या वर जात नाही. शेवई कट्कन मोडली की माल तयार. वाकली तर अजून ओल आहे, दळू नका.

पारख सोपी आहे. चिमूटभर पावडर ग्लासभर गार पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. चांगल्या मालातून निळा रंग उतरतो आणि ते पाणी उन्हात धरलं की लालसर झाक मारतं. मळकट पिवळं पाणी आलं तर ड्रायरची चूक शोधा.

बाकीच्या चुका

धुताना कंजुषी केली तर टाकीच्या पाण्यातल्या बायकार्बचा (खाण्याच्या सोड्याचा) खारटपणा मालात राहतो, वजन वाढतं आणि तपासणीत राख, म्हणजे माल जाळल्यावर उरणारे क्षार, जास्त निघते. उलट साध्या पाण्यात तासभर भिजवलं तर पेशी फुगून फुटतात. कापडावर भरभर धुवा आणि लगेच पिळा.

बोअरचं पाणी शिसं आणि आर्सेनिकसाठी एकदा तपासून घ्या. हे शेवाळ जड धातू शोषून घेतं.

पेशी फोडायची महागडी गिरणी स्पिरुलिनाच्या साध्या पावडरीसाठी लागत नाही, तिची भिंत मऊ असते. क्लोरेला या दुसऱ्या शेवाळाची भिंत चिवट असते, गिरणी तिथे लागते.

शेवाळाच्या चरबीपासून डिझेल काढायला येणाऱ्यांनो, स्पिरुलिनात चरबी जेमतेम 6 ते 8 टक्के असते. हिच्यात पैसा प्रथिनांचा आणि रंगाचा.

सगळ्यांना एकच पावडर विकू नका. रंगवाला निळेपणा मोजतो, कॅप्सूलवाला जंतुतपासणीचा अहवाल मागतो. मत्स्यखाद्यवाला रंगात थोडं सांभाळून घेईल, पण बुरशी त्यालाही चालत नाही.

आणि ती पारदर्शक बरणी दुकानाच्या काचेत मांडणं बंद करा. उजेडानं रंग उडतो. मी काळ्या, हवाबंद पिशव्या वापरतो आणि प्रत्येकीवर काढणीची तारीख हातानं लिहितो.