अमेरिकेत ह्यूमन डेव्हलपमेंटची असोसिएट पदवी घेताना

ह्यूमन डेव्हलपमेंट म्हणजे माणसाची वाढ आणि विकास यांचा अभ्यास. अमेरिकेत बरीच कम्युनिटी कॉलेजं (दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी स्थानिक कॉलेजं) बालविकास आणि कुटुंबसेवा या त्याच्याशी निगडित विषयांत असोसिएट पदवी, म्हणजे बॅचलर्सच्या आधीची छोटी पदवी देतात. पेन स्टेट विद्यापीठातही ती मिळते, ऑनलाइनसुद्धा. अभ्यास साधारण 60 क्रेडिट्सचा, म्हणजे 4 सेमिस्टर्सचा. फॉर्म भरण्याआधी पुढे नोकरी करायची की बॅचलर्स, एवढं पक्कं करा. ए.ए.एस. (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) ही पदवी बहुधा थेट नोकरीसाठी बेतलेली असते. तिचे सगळे क्रेडिट्स पुढचं विद्यापीठ धरेलच असं नाही. बॅचलर्स करायचं असेल तर ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स) किंवा ए.एस. (असोसिएट इन सायन्स) घ्या आणि कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरला जाईल ते काउन्सेलरकडून लेखी मागा. ‘ट्रान्सफर होईल’ या तोंडी उत्तरात एक मेख असते. क्रेडिट जातं, पण इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून, आणि तोच विषय पुन्हा पैसे भरून करावा लागतो.

भारतातली पदवी हातात असेल, मग ती गृहविज्ञानाची असो की बी.कॉम., तर अख्खी असोसिएट पदवी लागतेच का हे आधी तपासा. कॅलिफोर्नियात बालवाडीतल्या असोसिएट टीचर परमिटसाठी बालविकासाची 12 युनिट्स आणि ठरावीक दिवसांचा अनुभव लागतो. त्या युनिट्ससाठी (युनिट म्हणजे क्रेडिटच) चारच कोर्स पुरतात. गुणपत्रिकांचं मूल्यमापन डब्ल्यूईएससारख्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या) संस्थेकडून करून घेताना कोर्सवार अहवालच मागवा. स्वस्तातल्या अहवालात विषयवार क्रेडिट्स नसतात, त्यामुळे इथल्या कामासाठी तो कुचकामी.

3 क्रेडिट्सचा कोर्स म्हणजे आठवड्याला 3 तास वर्ग आणि घरी सुमारे 6 तास. 15 क्रेडिट्स घेतले तर आठवड्याचे 45 तास गेले. घरात लहान मूल असेल तर दोनच कोर्सपासून सुरुवात करावी. इंग्रजी लेखन, मानसशास्त्राची ओळख आणि लाइफस्पॅन डेव्हलपमेंट (जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा विकास) आधी उरका, कारण पुढचे बरेच कोर्स यांवर अडतात. बॅचलर्सला जाणार असाल तर गणितात स्टॅटिस्टिक्स घेतलेलं बरं.

गुण सर्वाधिक जातात ते मुलांना पाहून लिहायच्या निरीक्षण-नोंदींत. ‘मुलगा चिडला, हट्ट करू लागला’ हे निरीक्षण नव्हे, तो आपला निष्कर्ष. नोंद अशी हवी: ‘10:05. अ. ने ठोकळा जमिनीवर टाकला, दोन्ही हात छातीशी घेतले, ‘माझा’ असं तीनदा म्हणाला.’ अर्थ लावायचा तो वेगळ्या रकान्यात. मुलाचं नाव लिहायचं नाही, परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही. आपल्याकडच्या निबंधाच्या सवयीने विशेषणं आपसूक येतात. पेन्सिल घेऊन ती खोडायची.

प्रॅक्टिकमचं, म्हणजे बालसंगोपन केंद्रात जाऊन करायच्या प्रत्यक्ष सरावाचं प्लेसमेंट बहुधा दिवसा, केंद्राच्या वेळेत असतं, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांची पंचाईत होते. बोटांचे ठसे, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आणि टीबी चाचणी यांना आठवडे लागू शकतात, म्हणून सेमिस्टर सुरू होण्याच्या दोनेक महिने आधीच कामाला लागा. एच-4 वर (एच-1बीसारख्या व्हिसावर काम करणाऱ्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) शिकता येतं, पण ईएडीशिवाय (काम करण्याचा परवाना) पगारी काम करता येत नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर कॉलेजबाहेरच्या प्रॅक्टिकमसाठी सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी) लागू शकतं. प्लेसमेंट बिनपगारी असलं तरी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.