सर्टिफाइड कॅम्पसमध्ये नवी बिल्डिंग: लीडचं काम कुठून सुरू करायचं

कॅम्पसमधली जुनी बिल्डिंग लीड गोल्ड आहे (लीड, LEED, म्हणजे पर्यावरणपूरक बिल्डिंगला पॉइंट मोजून मिळणारं सर्टिफिकेट, गोल्ड ही त्यातली एक पातळी) आणि शेजारी नवी उभी राहतेय, मग मॅनेजमेंट धरूनच चालते की नवीचं पण झालंच. नाही होत तसं. सर्टिफिकेट त्या बिल्डिंगचं असतं, अख्ख्या आवाराचं नाही. नवीला वेगळं रजिस्ट्रेशन, सगळ्या सक्तीच्या अटी परत, आणि स्वतःचे किमान ४० पॉइंट लागतात, गोल्डला ६०, प्लॅटिनमला ८०. (इथले आकडे लीडच्या नियमांच्या व्हर्जन ४ चे आहेत, आता ५ पण आलंय, तुमचं कुठलं ते आधी बघा.)

पहिलं काम म्हणजे जुन्या प्रोजेक्टची फाइल शोधा आणि त्यांची लीड बाउंड्री, म्हणजे सर्टिफिकेटसाठी मोजलेल्या जमिनीची हद्द, साइट प्लॅनवर काढा. हे न करता डिझाइन पुढे नेऊच नका प्लीज. एकच जमीन दोन बिल्डिंगांच्या नावावर दाखवता येत नाही, आणि नवी बिल्डिंग बहुतेक वेळा त्याच मोकळ्या जागेवर येते जी जुनीने ओपन स्पेसच्या पॉइंटसाठी मोजलेली असते. त्या पॉइंटला साइटचा ३०% भाग मोकळा लागतो आणि त्यातला निदान २५% हिरवा.

आवारात पुढे अजून बिल्डिंगा येणार असतील तर कॅम्पस पद्धत घ्या. म्हणजे सगळ्या बिल्डिंगांचं सामाईक आवार मास्टर साइट म्हणून रजिस्टर करायचं, पावसाचं पाणी, ओपन स्पेस असे सामाईक क्रेडिट (पॉइंट देणारे मुद्दे) एकदाच तपासून घ्यायचे आणि ते पुढच्या प्रत्येक प्रोजेक्टला जोडायचे. पण बसस्टॉपचं अंतर प्रत्येक बिल्डिंगच्या दारापासून चालत मोजायचं, बसस्टॉप ४०० मीटरच्या आत, मेट्रो ८०० च्या आत, जुनीला जमलं म्हणून नवीला जमेलच असं नाही.

एनर्जी मॉडेल, म्हणजे बिल्डिंगला ऊर्जा किती लागेल याचं कॉम्प्युटरवरचं गणित, नवीचं वेगळंच करा. चिलर प्लांट (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रणा) कॉमन असेल तर तो मॉडेलमध्ये कसा धरायचा ते कन्सल्टंटशी सुरुवातीलाच ठरवा. कमिशनिंगवाला माणूस (यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालतात का ते तपासणारा) पण डिझाइन डेव्हलपमेंट, म्हणजे तपशीलवार डिझाइनचा टप्पा, संपायच्या आत नेमायचा असतो, साइट सुरू झाल्यावर नाही.

आणि पावसाळा. खोदलेली माती वाहत जाऊन जुन्या बिल्डिंगचे रिचार्ज पिट (पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचे खड्डे) गाळाने भरतात, म्हणून जूनच्या आधी चर, गाळ बसायला खड्डा आणि गेटवर ट्रकची चाकं धुवायची सोय करून घ्या, जुन्या बिल्डिंगच्या फ्रेश एअर इनटेकच्या (बाहेरची हवा आत ओढायची जागा) बाजूला सिमेंट-वाळूचे ढीग टाकू देऊ नका, आत लोक कामाला बसलेत. फोटो तारखेसकट ठेवा, लीडच्या रिव्ह्यूमध्ये लागतात.