कॉम्प्युटरच्या वॉटर कूलरचा पंप गेला की हवा अडकली?

बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणारा सेटिंगचा स्क्रीन) नुसतं थांबूनही प्रोसेसर ९० अंशांपुढे चढत असेल, तर पंप तपासा.

१. बायोसमध्ये पंपाचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) शून्य दिसला, तर आधी पंपाच्या सगळ्या केबली काढून पुन्हा घट्ट बसवा.

२. पंपाचा हेडर (मदरबोर्डवर पंपाची केबल जिथे लागते तो जोड) बायोसमध्ये १०० टक्क्यांवर ठेवा. फॅनसारखा तापमानानुसार कमी-जास्त केला, तर कमी व्होल्टेजवर काही पंप सुरूच होत नाहीत.

३. पंपावर बोट ठेवा. थरथर आहे, पण गुळगुळ आवाज येतो? मग हवा अडकली आहे. वीज काढून कॅबिनेट हळूहळू कलवा. रेडिएटरचा (पंख्यांनी पाणी थंड होते ती जाळी) वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा.

थरथरच नाही, तर पंप गेला. सीलबंद कूलर उघडू नका, वॉरंटी जाते. बदली येईपर्यंत साधा एअर कूलर लावा.