नव्याने रुजू झालात? परिपत्रक नुसतं फॉरवर्ड करू नका

धुळे जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी आस्थापनेचं काम बघतो. दरवर्षी नवे सहायक प्राध्यापक आणि नवे लिपिक रुजू होतात. स्टाफ ग्रुपवर परिपत्रकाची पीडीएफ पडते, तिच्याखाली भराभर अंगठे उमटतात आणि पीडीएफ मात्र फारसं कुणी उघडत नाही. त्याचे परिणाम चार-पाच वर्षांनी माझ्या टेबलावर येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून नव्यांसाठी हे लिहितोय.

आधी कागद कुणाचा आहे ते बघा. आपल्याकडे चार ठिकाणांहून कागद येतात: विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी, राज्याचा उच्च शिक्षण विभाग, जळगावचं सहसंचालक कार्यालय आणि आपलं विद्यापीठ, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी 1990 साली सुरू झालेलं आणि 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव लाभलेलं. यूजीसीने काही काढलं म्हणजे ते दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला लागू झालं, असं नसतं. प्राध्यापकांची पात्रता आणि पदोन्नतीबद्दलचं यूजीसीचं विनियमन 18 जुलै 2018 चं, पण राज्याचा त्यावरचा शासन निर्णय आला 8 मार्च 2019 ला. आमच्या दप्तरी चालतो तो हा शासन निर्णय. शिक्षकेतरांचं तर पुस्तकच वेगळं, सेवाशर्तींची 1984 ची प्रमाण संहिता. त्यामुळे प्राध्यापकाच्या रजेचा नियम लिपिकाने आपल्याला लावून बघू नये.

शासन निर्णय खरा की कुणी बनवून फिरवलेला, हे पाच मिनिटांत कळतं. प्रत्येक शासन निर्णयावर अठरा आकडी संगणक सांकेतांक असतो आणि त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाका. निर्णय निघाला तर ठीक, नाही निघाला तर पुढे पाठवू नका. मग विषयावर न थांबता 'संदर्भ' वाचा. आधीचा कोणता निर्णय रद्द झाला, कोणत्या पत्राला हे उत्तर आहे, सगळं तिथे असतं. आणि पाठोपाठ शुद्धिपत्रक आलंय का तेही पाहा. मुदतीची तारीख बऱ्याचदा त्यातच बदललेली असते.

आता रजेचं. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. नैमित्तिक रजा वर्षाला आठ. आपल्याकडे खानदेशात श्रावणात रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते आणि सोमवारी विसर्जन, त्या सोमवारी अर्धा स्टाफ रजेचा अर्ज घेऊन उभा असतो. घरचा उत्सव आहे, जायलाच हवं. पण अर्ज आदल्या आठवड्यात द्या आणि आपले तास कोण घेणार ते त्यावर लिहा. प्राचार्यांना सही करणं सोपं जातं.

अर्जित रजेची गोष्ट निराळी. प्राध्यापकांना उन्हाळी सुट्टी असते म्हणून अर्जित रजा कमी मिळते. पण सुट्टीत कामावर थांबवलं, तर जितके दिवस काम केलं त्याच्या एक तृतीयांश रजा खात्यावर जमा होते. मे महिन्यात, जळगावच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, उत्तरपत्रिका तपासायला धडगाव-अक्कलकुव्याकडून प्राध्यापक येतात. अठरा दिवस काम केलं तर सहा दिवसांची रजा त्यांच्या हक्काची आहे. ती जमा व्हायला दोन कागद लागतात: सुट्टीत थांबवल्याचा प्राचार्यांचा लेखी आदेश आणि मूल्यांकन केंद्राचं उपस्थिती प्रमाणपत्र. तोंडी निरोपावर थांबलेल्यांची रजा मला मांडता येत नाही, कितीही मनात असलं तरी. म्हणून काम सुरू होण्याआधी आदेश मागून घ्या. मागण्यात संकोच कसला? ही रजा 300 दिवसांपर्यंत साठते.

पदोन्नतीचंही असंच. पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, एम.फिल. असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षांनी तुम्ही वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 ला जायला पात्र होता. देय तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. पण एकवीस दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स झाला नसेल, तर वर्षं भरूनही फाइल पुढे सरकत नाही. त्या कोर्सची परिपत्रकं येत असतात आणि जागा लवकर भरतात. पहिल्या दोन वर्षांतच तो उरकून टाका. कोर्सला निघताना कार्यमुक्तीचा आदेश आणि परतल्यावर रुजू अहवाल, दोन्हीवर आवक-जावकचा शिक्का हवा.

खाजगी शिकवणीबद्दल स्पष्टच सांगतो, चालत नाही. बाहेर व्याख्यानाला जायचं, दुसरं मानधनाचं काम घ्यायचं, तर पूर्वपरवानगी घ्या. परीक्षेचं काम ऐच्छिक नाही, तो नोकरीचाच भाग आहे.

लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत तक्रार समिती प्रत्येक महाविद्यालयात असावीच लागते. सदस्यांची नावं फलकावर आहेत का, हे रुजू झाल्याच्या आठवड्यातच पाहून ठेवा. 2013 च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. समितीला पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. नव्या मुलींनी हे माहीत असूनही गप्प बसू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वर्षातून एकदा आस्थापनेत येऊन आपलं सेवापुस्तक उघडून बघा. लाजू नका, ते तुमचंच आहे. पहिल्या पानावर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जात वैधतेची नोंद. पुढे वेतननिश्चिती आणि प्रत्येक वेतनवाढ. शेवटी रजेचा हिशेब. प्रत्येक नोंदीखाली प्राचार्यांची सही आहे ना, ते बोट ठेवून बघा. दुय्यम प्रत मागून घ्या आणि तीही वेळोवेळी भरून घ्या. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांनी एनपीएसची, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची, कपात पगारपत्रकात दिसते तेवढीच खात्यावर जमा झाली का, तेही ताडून पाहावं.

आणि वारसाचं नामनिर्देशन. रुजू होताना बहुतेकजण आईचं किंवा वडिलांचं नाव लिहितात. लग्न झालं, मूल झालं, की फॉर्म नव्याने भरून आणून द्या. पोच घेतल्याशिवाय माझ्या टेबलावरून उठू नका.