दोघांनीच अटलांटिक ओलांडायचा असेल तर: मिंडेलो ते बार्बाडोस

"रात्री नांगर टाकून झोपत असाल ना?" दापोलीच्या मामींपासून पुण्यातल्या मित्रमंडळींपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. खाली चार-पाच हजार मीटर पाणी असतं, नांगर टाकणार कुठे? शिडाची बोट रात्रंदिवस चालत राहते आणि दोघांपैकी एक जण जागा असतो. म्हणून दोघांच्याच सफरीत आधी तुटवडा पडतो तो झोपेचा. पाणी, डिझेल, गॅस यांची पाळी नंतर. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते सगळं याच हिशेबाने आहे: आत झोपलेल्या माणसाला उठवायची वेळ येऊ नये.

आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्देमधल्या साओ व्हिसेंते बेटावरच्या मिंडेलोहून बार्बाडोस दोन हजार सागरी मैलांच्या थोडं पुढे. कॅनरी बेटांवरून थेट कॅरिबियनला निघालात तर 2700 च्या आसपास होतात. मिंडेलोला थांबून हे अंतर तोडलेलं दोघांना बरं पडतं, आणि ताजी भाजीही मिळते. 36-38 फुटी बोट ईशान्येच्या व्यापारी वाऱ्यात दिवसाला 130-140 मैल कापते, म्हणजे पंधरा-सोळा दिवस धरा आणि सामान पंचवीस दिवसांचं भरा. कॅरिबियनचा चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे 30 नोव्हेंबरला संपतो. लगेच दुसऱ्या दिवशी सुटायची घाई नको. डिसेंबरअखेर ते जानेवारी वारा जास्त भरवशाचा असतो.

बार्बाडोसच का? एक तर ते कॅरिबियनच्या इतर बेटांच्या रांगेच्या बरंच पूर्वेला आहे. दुसरं, आपला पासपोर्ट. मार्टिनिक हा फ्रान्सचा भाग असला तरी नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, निघण्याआधी स्वतः खात्री करा. आणि मिंडेलो सोडताना बंदर सोडल्याचा कागद घ्यायला विसरू नका, पुढच्या बंदरात पहिली मागणी त्याचीच होते.

आता पाळ्या. रात्री आठ ते अकरा, अकरा ते दोन, दोन ते पाच, पाच ते आठ, अशा तीन-तीन तासांच्या. चार तासांच्या पाळ्या करणारी जोडपीही आहेत, पण दुसरा आठवडा लागला की शेवटचा तास पेंगण्यातच जातो. दिवसा घड्याळ सैल सोडा, मात्र दुपारी प्रत्येकाची एक झोप ठरलेली हवी, आणि त्या वेळात दुसऱ्याने भांडी वाजवायची नाहीत. पाळीवरच्याने टायमर लावावा. कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेवरून, क्षितिज जेमतेम तीन-साडेतीन मैलांवर असतं. जहाजाचा वरचा भाग आणि दिवे त्याच्याही पलीकडून दिसतात, पण वीस नॉट्सने (ताशी वीस सागरी मैल) समोरून येणारं जहाज दिसल्यापासून अंगावर यायला कधी कधी वीस मिनिटंही लागत नाहीत. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून चहूकडे नजर फिरवायची. आसपासची जहाजं रेडिओवरून दाखवणाऱ्या एआयएसचा अलार्म लावाच, पण एआयएस बंद ठेवून हिंडणाऱ्या मासेमारी बोटीही असतात. डोळ्याला पर्याय नाही.

अंधार पडायच्या आत शीड कमी करा, वारा कितीही गोड वाटत असला तरी. रात्री पंधरा नॉट्सचा वारा एका काळ्या ढगाखाली तीसच्या वर जातो, आणि मग रीफ घ्यायला (शीड गुंडाळून लहान करायला) दोघं लागतात, म्हणजे एकाची झोप मोडलीच. त्यासाठी दिवसाचे दहा मैल कमी झाले तर होऊ द्या. मागून वारा असताना बूमला (मोठ्या शिडाच्या खालच्या दांड्याला) प्रिव्हेंटर, म्हणजे तो अचानक दुसऱ्या बाजूला फिरू नये म्हणून लावायची दोरी, बांधलेला हवा. रोज सकाळी दोऱ्या तपासा: पुढचं शीड ताणून धरणारा पोल जिथे टेकतो तिथे आणि कप्प्यांपाशी (पुलींपाशी) दोरी झिजते. रोज हातभर सरकवली की एकाच जागी घासत नाही.

कॉकपिटबाहेर जायचं तर अंगावरच्या पट्ट्यांचा हार्नेस जॅकलाइनला (डेकवर लांबवर ताणलेल्या सुरक्षा-पट्टीला) अडकवून, आणि दुसरा जागा असतानाच. दुसऱ्याला उठवायलाच हवं असं हे एकमेव काम. दोघांतला एक पाण्यात पडला की बोटीवर उरतो एकटा माणूस: शिडं उतरवायची त्यानेच, नजरही त्यानेच ठेवायची आणि ओढूनही त्यानेच घ्यायचं. घरची माणसं वादळाला घाबरतात, मी याला घाबरते.

जेवणाबद्दल माझं मत ठाम आहे: प्रेशर कुकर. झाकण लॉक होतं, बोट कशीही डोलली तरी आतलं अंगावर येत नाही, गॅस वाचतो. मुगाची खिचडी, मऊ भात-मेतकूट, आणि ताट नाही, खोल वाडगा. कोबी, कांदे, बटाटे, लाल भोपळा टिकतात. ताजं हिरवं संपलं की मटकी-मुगाला मोड काढायचे. दमट हवेत ते झकास येतात. रात्रपाळीसाठी भडंग आणि लाडू हाताशी ठेवा, म्हणजे डबे उघडण्याचा खडखडाट नाही. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर, म्हणजे दोघांना पंचवीस दिवसांचं दीडशे लिटर, मुख्य टाकीपासून वेगळं कॅनमध्ये. सकाळी डेकवर पाखरू मासे (उडणारे मासे) पडलेले सापडतात. ताजे असतील तर रवा लावून तळा. काटे फार, पण चव उत्तम. गळ मात्र सारगॅसम शेवाळाच्या पट्ट्यात ओढून घ्या, नाहीतर दिवसभर शेवाळच सोडवत बसाल.

आणि आता पोहोचणं. थकलेले असता तेव्हाच जमीन जवळ येते, त्यामुळे हिशेब दोन दिवस आधी करायचा. समजा मंगळवारी दुपारी बाराला 300 मैल उरलेत. सहा नॉट्सने 50 तास: गुरुवारी दुपारी दोन. पाचने 60 तास: गुरुवारी मध्यरात्र, म्हणजे सगळ्यात वाईट. साडेचारने शुक्रवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास. सहाची खात्री नसेल तर मंगळवारीच शीड कमी करून साडेचारवर या. शेवटच्या रात्री बेटाचे दिवे दिसत असताना "आता जाऊच या" असं दोघांपैकी एकाला वाटतंच. वाटू द्या. जायचं नाही.

बार्बाडोस उंच बेट नाही. पूर्व किनाऱ्यावर अटलांटिकच्या लाटा फुटतात आणि आग्नेयेला कॉबलर्स रीफ आहे, तेव्हा साउथ पॉइंटच्या दीपगृहाला दोन-तीन मैल लांबून वळसा घाला. वळलात की लाटा एकदम बसतात. इथे बोयांचे (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे) रंगही उलटे: बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला. मिंडेलोला काय किंवा मुंबईत काय, तो डाव्या हाताला असतो. चार्टवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तपासणी व्हायची आहे हे सांगणारा पिवळा क्यू झेंडा चढवा आणि व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर हाक मारा. ब्रिजटाउनच्या खोल पाण्याच्या बंदरात बोलावलं तर बोट घासू नये म्हणून बाजूला लावायचे फेंडर भरपूर बांधा. तो धक्का मोठ्या जहाजांसाठी आहे, पाणी वरखाली होतं आणि धक्क्याची काळी रबरं बोटीला डाग लावतात. पासपोर्ट, बोटीची नोंदणी, माणसांची यादी आणि मिंडेलोचा कागद एका जलरोधक पिशवीत, चार-चार प्रतींसह. आरोग्य, इमिग्रेशन, कस्टम्स तिन्ही उरकेपर्यंत कॅप्टनशिवाय कोणी उतरायचं नाही. ताजी फळं, भाजी, मांस आधीच संपवा, उरलं तर विचारण्याआधी सांगा.

मग कार्लाइल बे. तळाला वाळू आहे. सहा मीटर पाण्यात तीस मीटर साखळी सोडा. नांगर टाकतानाच्या हातखुणा मिंडेलोतच ठरवून घ्या, कारण इतक्या जागरणानंतर नाळेवरून (बोटीच्या पुढच्या टोकावरून) सुकाणूपर्यंत ओरडून जे काही बोललं जातं ते शेजारच्या बोटींवर सगळ्यांना ऐकू जातं. पिवळा झेंडा उतरवून बार्बाडोसचा चढवा, घड्याळ मिंडेलोपेक्षा तीन तास मागे घ्या, नांगर सरकला तर वाजणारा अलार्म लावा आणि दोघंही एकाच वेळी झोपा. किनाऱ्यावर उद्या. किनाऱ्यावर लाट फुटत असेल तर डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) उलटते, तेव्हा फोन आणि पासपोर्ट ड्राय बॅगमध्येच न्या.